एका ताटातली कुस्ती

डिसेंबर लागला की देवपुरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी धूर उतरतो. कुणीतरी शेतावरून कपाशीच्या वाळक्या काड्या आणलेल्या असतात. त्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी, थोराड वांगी पडतात आणि करपलेल्या सालीचा वास पार पांझरेच्या पुलापर्यंत जातो. भरिताचे दिवस आले म्हणून सगळं धुळं खूश असतं. त्या वासाने लोकांना भूक लागते, मला संशय येतो.

कारण त्याच दिवसांत तो व्हिडिओही येतो. दरवर्षी येतो. कधी माहेरच्या ग्रुपवर, कधी शाळेच्या शिक्षकांच्या. जेमतेम मिनिटभराचा आहे. काळे कपडे, तोंडावर काळा रंग फासलेला एक धिप्पाड माणूस रिंगणाच्या दोरावर चढतो, उडी घेतो, हवेतच विचित्र वळतो आणि मानेवर आदळतो. मग पडून राहतो. लोक हसतात. मागून कुणीतरी ओरडतं, “उठ रे कोब्रा, भरीत थंडं व्हई राहिनं!” आणि अख्खं मैदान खदाखदा हसायला लागतं. व्हिडिओ तिथेच संपतो. खाली सगळे जण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकतात. मीही एक टाकते, कारण नाही टाकला तर लोक विचारतात.

तो कोब्रा माझा नवरा. नाव वाल्मिक. तोंडाने मी ते घेत नाही, समोर ‘अहो’च म्हणते, पण लिहिताना तो आपोआप एकेरीत येतो. देवपुरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणून लोक पायरीवर ठेवतात आणि तो तांब्याची केसाएवढी तार बोटांनी भरत बसतो. गिऱ्हाईक मात्र दुकानाचं नाव सांगत नाही. कोब्राकडे टाक, म्हणतं. शाळेत नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगतं की मराठीच्या मॅडम म्हणजे कोब्राच्या मिसेस. मी फळ्याकडे तोंड करून असते तेव्हा मागे ‘एक, दोन, तीन’ असं कुणीतरी कुजबुजतं. बरोबर कोण ते मला ठाऊक असतं. मी वळत नाही.

मी मुळातच संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. दूध उकळलेलं असलं तरी वास घेते. कुणी फार गोड बोललं तर घरी येऊन विचार करते की याचं माझ्याकडे काय अडलं असेल. आई म्हणायची, पोरगी देवाच्या प्रसादालासुद्धा उलटून पाहते. पण हा स्वभाव नुसता जन्माचा नाही. त्याला खतपाणी एका हिवाळ्याने घातलं, आणि तो हिवाळा कुस्तीचा होता.

आमचं मूळ धुळ्याकडचं. नाना, म्हणजे माझे वडील, केळीच्या व्यापारासाठी सावद्याला जाऊन राहिले. गावाबाहेर त्यांची पॅकिंगची शेड होती. पत्र्याची, लांबलचक, एका टोकाला केळीचे घड आणि दुसरं टोक रिकामं. त्या रिकाम्या टोकात त्या वर्षी दिगंबरभाऊ शिरले. दिगंबरभाऊ जळगावातल्या मेहरूणचे मंडपवाले. लग्नाचे मांडव घालायचे, पण हरियाणात कुठेतरी जाऊन त्यांनी ती टीव्हीवरची, रिंगणातली कुस्ती पाहिली होती आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. जळगाव-धुळ्याचे आठ-दहा पहिलवान गोळा करून त्यांनी मंडळी उभी केली, तिला ‘महाबली तापी’ असं नाव दिलं आणि नानांच्या शेडमध्ये रिंगण बांधलं. मांडवाचेच खांब, मांडवाचेच दोर, आणि फळ्यांवर जुन्या गाद्या अंथरून खाली केळीची वाळकी पानं. कुणी पडलं की पानं चुरचुरायची आणि मग गादीचा धप्पकन आवाज व्हायचा. पिकत्या केळींचा गोडूस वास, घाम आणि तो धप्प. त्या शेडमध्ये मी हिशेबाच्या वह्यांच्या निमित्ताने बसायची आणि वही उलटी धरून कुस्ती बघायची.

वाल्मिक धुळ्याजवळच्या एका खेड्यातला, तालमीत वाढलेला. मातीतली कुस्ती त्याने खरीखुरी केली होती. इथे त्याला खलनायक केलं, कारण तो काळा आणि बोलायला कमी. समोर ‘सिंह’ होता, जामनेरकडचा एक गोरागोमटा पोरगा. कोण जिंकणार हे दुपारी खिचडी खाताना ठरायचं. मला ते ऐकून धक्का बसला होता. आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात आणि नुरा करणाऱ्या पहिलवानाला गावात कुणी पाणीही विचारत नाही. इथे तर सगळाच नुरा, आणि वर त्याची तालीम!

पडायचं कसं, हे दिगंबरभाऊ आधी शिकवायचे. सपाट पाठीवर पडा, हनुवटी छातीला, हात गादीवर आपटा, म्हणजे आवाज मोठा आणि लागत काही नाही. आणि मग चेहरा. हातात न्हाव्याचा आरसा घेऊन ते एकेकासमोर उभे राहायचे. “दुख शेवटच्या रांगेले दिसलं पाहिजे,” म्हणायचे. वाल्मिक आरशात बघून कळवळायचा. डोळे फिरवायचा, ओठ वाकडे करायचा, घशातून असा काही आवाज काढायचा की केळी भरणाऱ्या बायका हातातलं काम टाकून धावत यायच्या. आणि पुढच्याच क्षणी उठून केळं सोलायचा. मी ते रोज पाहत होते.

त्याच शेडमध्ये आमचं जमलं. नानांना मुलगा आवडला, मलाही आवडला, आणि दिवाळीनंतर साखरपुडा झाला. त्या दिवशी त्याने मला हळूच विचारलं होतं, “तुम्हले पटलं ना?” विचारताना तो लाजला. मी ते लाजणं नीट निरखून पाहिलं. आरशासमोर बसवलेलं आहे की आत्ता आलेलं, हे मला काही केल्या कळेना.

पहिला खेळ सावद्यातच झाला, बाजाराच्या मैदानावर, दुपार कलताना. पुढच्या रांगांत फेटे बांधलेली म्हातारी मंडळी बसली होती, जन्मभर दंगली पाहिलेली. ठरल्याप्रमाणे कोब्राने सिंहाला उचलून आपटलं. सिंहाने कण्हत पडून राहायचं, पंचाने एक-दोन म्हणायचं, तीनच्या आत सिंहाने उसळून उठायचं आणि मग पंधरा मिनिटांनी जिंकायचं, असा तो बेत होता. पण सिंहाची पाठ गादीला टेकली आणि पुढची रांग उठून उभी राहिली. “पाठ लागली! कुस्ती झाली!” हलगी वाजायला लागली. पाच-सात जण दोराखालून रिंगणात शिरले, त्यांनी कोब्राला खांद्यावर घेतलं, डोक्याला फेटा गुंडाळला आणि गुलाल उधळत मैदानाला फेरी घालायला निघाले. खलनायक खांद्यावर बावरून बसलेला आणि खाली नायक एकटाच, काय करावं ते न सुचून. दिगंबरभाऊ माईकवर घसा फोडत होते, “थांबा, अजून तीन मोजायचे आहेत!” तेव्हा एक आजोबा शांतपणे त्यांना म्हणाले, “तीन कायले मोजता, भाऊ? पाठ तं एकदाच लागते.”

मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. आज वाटतं, ती मंडळी बुडाली ती त्याच वाक्यात. दुसरीकडे लोक मोजत असतील तीनपर्यंत; आमच्या माणसाला पाठ टेकल्यावर पुढचं काही दिसतच नाही. त्याच्या लेखी ती हार, मग पडलेला उठून नाचला तरी. दिगंबरभाऊंनी समजावून पाहिलं, माईकवर नियम वाचून दाखवले, पत्रकं वाटली. फैजपूरला तेच झालं, यावलला तेच. शेवटी त्यांनी हात टेकले आणि खेळच बदलला. शेवटच्या डावापर्यंत कुणाचीही पाठ गादीला लागता कामा नये, असं ठरलं. कुशीवर पडा, गुडघ्यावर पडा, तोंडावर पडा, पण पाठीवर नको. खेळ त्यामुळे विचित्र दिसायला लागला. सपाट पडण्याचा तो मोठा धप्प आवाज गेला आणि काहीतरी मोडल्यासारखे बारीक आवाज यायला लागले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मंडळी का बंद पडली याची प्रत्येकाकडे वेगळी हकीकत आहे. कुणी म्हणतं, जुन्या वस्तादांनी सुपारी देऊन बदनामी केली. कुणी म्हणतं, दुसऱ्या मंडपवाल्याचा हात होता. नानांचं म्हणणं, दिगंबरभाऊंना स्वतःलाच कंटाळा आला. मी या सगळ्यांकडे संशयाने बघते, कारण मी त्या दिवशी मेहरूणला होते आणि मी पाहिलंय.

मेहरूणच्या तलावाजवळच्या मोकळ्या जागेवर त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा खेळ होता. कोब्रा आणि सिंह यांचं हाडवैर आहे, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, असं आठवडाभर जळगावभर रिक्षातून ओरडून सांगितलं होतं. आणि खेळाआधी, कनातीमागे, दिगंबरभाऊंच्या घरच्यांनी प्रेमाने भरीत-पुरी आणली होती. पत्रावळ्या कमी पडल्या. वाल्मिक आणि तो सिंह एका ताटात जेवायला बसले. बिचारे रोजच तसे जेवायचे. कनातीला फट होती. पाणी भरायला गेलेल्या कुणीतरी त्या फटीतून पाहिलं: हाडवैरी एका ताटात भरीत खात होते, आणि वर एक जण दुसऱ्याला पुरी वाढत होता.

ती बातमी शेवटच्या रांगेपर्यंत जायला काही मिनिटं लागली असतील. कुस्ती सुरू होण्याआधीच लोक हसत होते. आमच्याकडे एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांशी लढत नाहीत, आणि लढली तर ती लढाई खोटी, एवढा साधा हिशेब. “बठ्ठं खोटं शे!” कुणीतरी ओरडलं, सगळंच खोटं. मग वाल्मिक दोरावर चढला, वळला, पडला. पुढचं त्या व्हिडिओत आहे. तो बराच वेळ उठला नाही. दिगंबरभाऊंनी तोंडावर पाणी मारलं, मग तो स्वतःच उठला, एक हात वर केला आणि चालत कनातीमागे गेला. मी नानांच्या शेजारी बसले होते. मला लाज वाटली आणि मी मान फिरवली. मनात आलं, केवढं हे नाटक, लोक हसायला लागल्यावर तरी पुरे करावं माणसाने.

त्यानंतर खेळ झाला नाही. दिगंबरभाऊ मांडवांकडे परत गेले. सिंह कुठेतरी सुरक्षारक्षक झाला म्हणतात. उन्हाळ्यात आमचं लग्न लागलं आणि मांडव दिगंबरभाऊंचाच होता.

एका हिवाळ्यापुरती टिकलेली ही मंडळी, पण तिने मागे काय ठेवलं ते बघा. आज कुठल्याही दंगलीत, अगदी मातीतल्या खऱ्या कुस्तीत, एखादा चांगला गडी अनपेक्षित हरला की गर्दीतून आवाज येतो, “एक ताटना शेतस या!” एका ताटातले आहेत हे. घाम गाळून हरलेला पोरगा मान खाली घालून जातो. दोन पुढारी सभेत एकमेकांवर तुटून पडले की चहाच्या टपरीवर लोक डोळा मारतात, एका ताटातले. नवराबायकोचं भांडण मिटलं तरी शेजारीण म्हणते, ताट एकच होतं वाटतं. शब्द मोठा गमतीचा आहे, मीही वापरते. पण कुठलीही हार, कुठलंही दुखणं आता आमच्याकडे चटकन खरं मानत नाहीत. पूर्वी मानायचे.

आमच्या घरात तर ते मीच आणलं. लग्नानंतर वाल्मिक घरात सतत कोब्रा करायचा. भाजी आणायला सांगितलं की पोट धरून कोसळायचा. मुलगी लहान असताना ती बोटाने गोळी मारायची आणि हा स्वयंपाकघराच्या दारात तडफडून मरायचा. ती हसून लोळायची. मीही हसायची, आणि आतल्या आत एक खूणगाठ पक्की होत जायची: याचं काही खरं मानायचं नाही. डोकं दुखतंय म्हणाला तरी मी आधी त्याच्या डोळ्यांत बघायची. चौदा वर्षांत मी त्याला एकदाही, काय झालं, असं सरळ विचारलं नाही. “पुरे झालं तुमचं,” हे माझं ठरलेलं उत्तर.

या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच्या हातातून कप पडला. मी म्हटलं, पुरे झालं. दसऱ्याला पाण्याचा तांब्या पडला. मग डिसेंबर आला. त्याच्या मित्राच्या शेतावर भरीत पार्टी होती, सगळे गोल बसलेले. याच्या डाव्या हातातून भरलेलं ताट सुटलं आणि मातीत उपडं झालं. मग सगळ्यांनी एका सुरात मोजलं, एक, दोन, तीन! वाल्मिकनेही लगेच डोळे फिरवून मरून दाखवलं. काय हसलो आम्ही.

पण दुसऱ्या दिवशी मी दुकानात डबा द्यायला गेले तर पायरीवर एक गिऱ्हाईक मोटार परत घेऊन उभं होतं. तार सैल भरली होती, पुन्हा जळाली होती. वाल्मिकच्या हातची तार सैल? मी घरी आले आणि मला नेहमीसारखा संशय आला, पण या वेळी तो उलट्या बाजूने आला. मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले. तो शर्टाची बटणं उजव्या हाताने लावत होता. मोबाईल डाव्या हातात धरतच नव्हता. चहाचा वाफाळता ग्लास मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला ठेवला. त्याने तो धरला आणि पेपर वाचत तसाच धरून बसला, जिथे मला दोन बोटंही टेकवता आली नसती. संध्याकाळी त्याच्या बोटावर टरारून फोड आला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. चेहरा करता येतो, आवाज काढता येतो. फोड कुणाला काढून दाखवता येत नाही. मला रडू आलं, भीतीनेच.

धुळ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेचे फोटो काढायला लावले. मग ते काळे फोटो उजेडावर धरून पाहिले.

“मानेचा मणका कधीतरी तडकलाय,” ते म्हणाले. “जुनं आहे, दहा वर्षांच्या वरचं. वाकडा जुळलाय आणि आता नस दाबतोय. पडला होतात का कधी?”

मी म्हटलं, “मेहरूणला.” आणि मग वाल्मिककडे वळून, “पण तुम्हाला तर पडायला शिकवलं होतं ना? पाठीवर, सपाट?”

“पाठ लावता येत नव्हती,” तो म्हणाला. “पाठ लागली असती तर लोक उठून गेले असते. म्हणून वळलो.”

“आणि सांगितलं का नाही? त्या दिवशी नाही, नंतर नाही, इतक्या वर्षांत...”

डॉक्टर समोर असतानाही तो घरच्या बोलीत आला, हळू आवाजात. “कोणले सांगू? बठ्ठा हासत व्हतात. तू बी हासनी.”

मी वर लिहिलंय की मला लाज वाटली आणि मी मान फिरवली. इतकी वर्षं मी ते स्वतःलाही तसंच सांगत आले. ते खरं नाही. मी हसले होते, सगळ्यांसारखी, तोंडाला ओढणी लावून. रिंगणात पडल्या पडल्या त्याला ते दिसलं होतं. सगळ्या जगाचा संशय घेतला मी, फक्त माझ्या आठवणीचा तेवढा घेतला नाही. त्या खोलीत मला माझी जी शरम वाटली ती कुठे ठेवावी ते कळेना.

ऑपरेशन करावं लागेल, डॉक्टर म्हणाले, बोटं वाचायची शक्यता चांगली आहे, पण उशीर नको. आधी नीट तपासतो. ते उठून वाल्मिकच्या मागे आले आणि मानेवरून एकेक मणका अंगठ्याने दाबत खाली यायला लागले. मी समोर होते. मी त्याचा चेहरा पाहत होते, कारण चौदा वर्षं मी तेच करत आलेय. अंगठा एका जागी थांबला आणि रुतला. वाल्मिकच्या चेहऱ्यावर काहीही झालं नाही. ओठ हलले नाहीत, भुवई हलली नाही. असलेलंही सगळं पुसून गेलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तो नुसता बघत राहिला. तेव्हा मला कळलं की याला खरं दुखतं तेव्हा हा असा दिसतो. आणि हा चेहरा मी किती वेळा पाहिला होता! जेवताना, दुकान बंद करून आल्यावर, रविवारी खिडकीत बसलेला असताना. मला वाटायचं, किती शांत आहे.

“शून्य ते दहामध्ये सांगा,” डॉक्टर म्हणाले. “किती दुखतंय?”

“शून्य,” वाल्मिक म्हणाला. “नाही दुखत.”

डॉक्टर लिहायला वाकले.

“लिहू नका,” मी म्हटलं. “माझा विश्वास नाही. खोटं बोलताहेत हे. आठ तरी लिहा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वाल्मिक अजून कॅलेंडरकडेच बघत होता. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं, “अहो, काय होतंय?”

त्याने डोळे मिटले.

“नऊ,” तो म्हणाला.